उन्हाची बेगमी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, अल्पोपाहाराचे पोहे केले, हळदीकुंकवाची यादी सांभाळली; पण भाषण करायला उभी राहिले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रावर बोलण्याचा माझा काय अधिकार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुझ्या घरी उन्हावरचे दिवे लागतात ते कसे, एवढेच सांग. शास्त्र सांगायला दुसरे आहेत." म्हणून चार कागद लिहून आणले आहेत, ते वाचते. अडखळले तर सांभाळून घ्या.

३ जून २०२० हा दिवस आपल्यापैकी कुणी विसरली असेल असे मला वाटत नाही. दुपारी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्याला लागले आणि माड-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. नंतर किती रात्री आपण अंधारात काढल्या ते तुम्ही जाणताच. खांब उभे करणारी माणसे भर पावसात राबत होती, त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण घरात माझ्या सासूबाई दम्याच्या. वारा लागला नाही की त्यांचा जीव घाबरा होई. रात्र-रात्र मी विंझण्याने वारा घालीत बसे. न्हाणीघराकडे जायचे तर पायरीवर फुरसे असेल की काय ही धास्ती. मोबाइल सगळ्यांचे मेलेले, म्हणून मुंबईच्या मुलाला आम्ही सुखरूप आहोत एवढेही कळविता येईना. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा पुन्हा तेच. त्या वेळी मी ठरविले की, आगोटीला आपण तांदूळ, डाळ, सुकी मासळी, लाकडे यांची बेगमी करतो, तशी उजेडाचीही बेगमी घरात असली पाहिजे.

आता ही बेगमी म्हणजे काय, ते सांगते. हिला चार वस्तू लागतात. पहिली सोलर प्लेट. ती ऊन पडले की वीज करते. दुसरी बॅटरी, ती वीज साठवते. तिसरी चार्ज कंट्रोलर नावाची तळहाताएवढी डबी. ती दोघींच्या मध्ये बसते. चौथे म्हणजे दिवे, पंखा, जे काही चालवायचे ते. प्लेट ही पागोळी, बॅटरी हा रांजण, आणि कंट्रोलर म्हणजे घरातली करडी सासूबाई! रांजण भरला की "पुरे" म्हणते, आणि तळ दिसू लागला की "आता काढू नका" म्हणून झाकण घालते. ती डबी मध्ये नसेल तर बॅटरी जास्त भरून उकळते किंवा पार रिकामी होऊन मरते. म्हणून चार पैसे वाचविण्यासाठी ती कुणी गाळू नये.

उन्हाची वीज ही काही नवी जादू नव्हे. उजेडापासून वीज होते हे फ्रान्समध्ये बेकेरेल यांनी १८३९ साली दाखविले, आणि आज वापरतात तशी सिलिकॉनची प्लेट अमेरिकेत १९५४ साली तयार झाली. आपल्यापैकी कित्येकींच्या जन्माआधीची ही विद्या आहे.

दुकानात जाण्याआधी घरी बसून करायचे एक काम आहे आणि ते आपल्याला पुरुषांपेक्षा चांगले येते. ते म्हणजे हिशेब. पाहुणे किती आणि तांदूळ किती हे आपण डोळे मिटून सांगतो. तसाच हा हिशेब. प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो वॅटचा आकडा आणि ती वस्तू किती तास लागते तो आकडा, यांचा गुणाकार करायचा. येतात ते वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले म्हणजे आपल्या बिलावरचा १ युनिट.

माझी यादी वाचते. स्वयंपाकघरात १२ व्होल्टचा ५ वॅटचा दिवा, ४ तास; झाले २०. माजघरात तसाच दिवा ४ तास, २०. पडवीत ३ तास, १५. सासूबाईंच्या उशाशी १२ व्होल्टवर चालणारा १५ वॅटचा छोटा पंखा, रात्रीचे ८ तास, १२०. दोन मोबाइल भरायला साधारण १५ - १५, म्हणजे ३०. बेरीज २०५. भाकरीचे पीठ परातीला थोडे चिकटतेच, तशी वीजही तारेत आणि बॅटरीत थोडी वाया जाते, म्हणून वर पाव हिस्सा धरायचा. म्हणजे सुमारे २५५ वॅट-तास. माझ्या घराची एका रात्रीची गरज एवढीच. पाव युनिटाच्या आसपास! आकडा पाहून आमचे हे म्हणाले, "एवढ्याचसाठी इतके दिवस हाल काढले?"

आता यादीत नाही ते पाहा. मिक्सर नाही, इस्त्री नाही, फ्रीज नाही, गिझर नाही. फ्रीज दिवसाकाठी एखादा युनिट खातो, म्हणजे माझ्या चार रात्रींची शिदोरी. ७५० वॅटचा मिक्सर लावला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका दमात साठाहून अधिक अँपिअर ओढले जातात. तो भार छोट्या बॅटरीला आणि बारीक तारेला झेपणारा नाही. वादळात चटणी पाट्यावर वाटता येते, पण दमेकऱ्याला वारा दुसरा कुठून आणायचा? पहिली बेगमी करताना कोणत्या वस्तूवाचून माणसाचे खरोखर अडते, ते घरातल्या बाईने ठरवावे. ते एकदा ठरले की पुढचे सगळे सोपे जाते.

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की तिच्या पोटातले वॅट-तास निघतात. माझी बॅटरी १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-तासांची, म्हणजे ९०० वॅट-तास. पण ही जुन्या पद्धतीची शिशाची, आम्लाची बॅटरी. ती रोज अर्ध्याच्या खाली उतरविली तर लवकर म्हातारी होते. म्हणून हाती ४५० धरायचे. त्यात काटकसरीने दोन रात्री निघतात. आता लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मिळते. ती वजनाला हलकी, बरीचशी रिकामी केली तरी चालते आणि वर्षेही जास्त टिकते. मात्र सुरुवातीला महाग, आणि तिच्यासाठी कंट्रोलरवर लिथियमची सोय असावी लागते. ज्यांना परवडेल त्यांनी ती घ्यावी. मात्र जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल जोडून घरी लिथियमची बॅटरी बनविण्याच्या फंदात कुणी पडू नये. मुलांना त्याची भारी हौस असते, पण तो आगीशी खेळ आहे.

प्लेट माझी १०० वॅटची. दिवसभर लख्ख ऊन असले म्हणजे तिच्यापासून ४०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. रात्रीचे २५५ भरून निघतात आणि वर थोडे शिल्लक राहते. कंट्रोलर १० अँपिअरचा. हे सर्व, तारा-दिव्यांसकट, मी भिशीच्या पैशांत बसविले. भाव सारखे बदलतात, म्हणून तुम्ही तीन दुकानांत विचारून, आकडे कागदावर लिहून घ्या. दुकानदार मोठे यंत्र दाखवील. आपली यादी पदराला बांधलेली असली म्हणजे भुलायला होत नाही.

इथे कोकणाची एक अडचण सांगितली पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ उतरलेले असते. त्या दिवसांत प्लेट लख्ख उन्हातल्यापेक्षा कितीतरी कमी देते. सतत झड लागली तर पाव हिस्सासुद्धा हाती येत नाही. आणि वादळे, वीज जाणे हे सगळे नेमके त्याच हंगामात! म्हणून पावसाळ्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. आमच्याकडे झड लागली की माजघरातला आणि पडवीतला दिवा बंद, स्वयंपाकघरातला एक चालू, आणि सासूबाईंचा पंखा रात्री धाप लागेल तेवढा वेळ. शिवाय वाडीत वीज असते तेव्हा ती बॅटरी विजेच्या चार्जरवरही भरून ठेवते. वादळाची सूचना रेडिओवर आली की आधी बॅटरी पूर्ण भरायची, मग पाणी भरायचे. ज्यांना पावसात जास्त लागेल त्यांनी बॅटरीच्या आधी प्लेट वाढवावी. रांजण केवढाही मोठा आणला तरी पागोळी बारीक असेल तर तो भरत नाही.

आता जोडणी. हे काम मी केले, आणि आय.टी.आय. झालेल्या माझ्या पुतण्याने शेजारी उभे राहून प्रत्येक सांधा तपासला. तुम्हीही कुणा जाणत्याला शेजारी उभे करा.

प्लेट दक्षिणेकडे तोंड करून तिरपी लावायची. आपल्या भागाला सोपे माप म्हणजे तीन हात लांबीला एक हात उंची. माडाची एक झावळी जरी प्लेटवर सावली टाकीत असली तरी वीज निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून सकाळी दहा, दुपारी एक आणि चार, अशा तीन वेळा खळ्यात उभे राहून सावली पाहून मग जागा ठरवावी. कौलांवर कुणी चढू नये. माझी प्लेट न्हाणीघराच्या स्लॅबवर लोखंडी चौकटीत आहे. खाऱ्या वाऱ्याने साधे बोल्ट गंजतात, ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. वादळाची सूचना आली की प्लेट उतरवून घरात घ्यावी. आठ किलोच्या आतबाहेर वजन, दोघी जणी सहज उतरवतो. आधी तिच्यावर गोधडी टाकायची, म्हणजे उन्हात वीज होत राहत नाही, मग तार सोडायची. हे सगळे वारा सुटण्याआधी. वारा सुटल्यावर प्लेट गेली तरी जाऊ द्यावी, पण माणसाने बाहेर पडू नये.

तार लाल ती धन, काळी ती ऋण. जोडताना क्रम पाळायचा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी दिवे. सोडताना उलट, आधी दिवे, मग प्लेट, शेवटी बॅटरी. बॅटरीच्या धन टोकाजवळ वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. माझा १० अँपिअरचा आहे. तार जाड घ्यावी. मी प्लेटपासून बॅटरीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली. १२ व्होल्टला दाब कमी, म्हणून बारीक आणि लांब तारेत वीज वाटेतच आटते. आणि दिवे १२ व्होल्टचेच घ्या; घरातले नेहमीचे दिवे यावर लागत नाहीत, आणि १२ व्होल्टचा दिवा घरच्या प्लगला लावला तर फुटतो.

मैत्रिणींनो, पुढची गोष्ट बायकांसाठीच आहे, कारण पुरुष ती सांगायला विसरतात. बॅटरीला हात लावण्याआधी हातातल्या सोन्याच्या, धातूच्या पाटल्या-बांगड्या काढून ठेवा, आणि मंगळसूत्र पदरात नीट खोवा. १२ व्होल्टने अंगाला झटका बसत नाही म्हणून आपण गाफील राहतो. पण बॅटरीच्या दोन टोकांवर एकदम धातू टेकला तर क्षणात तो लाल होतो आणि मनगट भाजते. पान्ह्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून घ्या. शिशाच्या बॅटरीतून भरताना पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती देवघराच्या समईपासून, चुलीपासून आणि गॅसपासून लांब, वारा खेळत्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. तिच्यात विहिरीचे पाणी घालू नका. दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही खुणेपर्यंत. आम्ल डोळ्यांत किंवा हातावर उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. बॅटरी संपली की भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानात परत करा. त्यातले शिसे मातीत आणि पाण्यात गेले तर लेकराबाळांना बाधते.

हे सर्व झाले १२ व्होल्टपर्यंतचे. माझा हात तेथेच थांबतो आणि तुमचाही थांबावा असे मी कळकळीने सांगते. घरातली नेहमीची वीज २३० व्होल्टची असते, तिने जीव जातो. इन्व्हर्टर घरच्या वायरिंगला जोडणे, मीटरजवळ हात घालणे, छपरावर पुष्कळशा प्लेटा एकापुढे एक जोडणे, ही परवानाधारक वायरमनची कामे. घरच्या प्लगमध्ये उलट वीज सोडण्याची शक्कल कुणी सांगितली तर त्याला दारातूनच परत पाठवा. तशाने खांबावर चढलेल्या, वीज बंद आहे असे समजून काम करणाऱ्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. वादळानंतर आपल्यासाठी भिजत राबणाराच तो.

छपरावरच्या मोठ्या सोलरविषयी बऱ्याच जणी विचारतात. केंद्र सरकारने २०२४ साली पीएम सूर्य घर नावाची योजना सुरू केली. त्या वेळी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान ठरले. हे काम नोंदणी झालेल्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते, आणि बिल कमी करायला ते उत्तम आहे. पण एक गोष्ट घेण्याआधी कळली पाहिजे. बॅटरी नसलेले असे सोलर, बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडते. खांबावरच्या माणसाच्या जिवासाठीच ही योजना केलेली असते. माझ्या ओळखीच्या एका वहिनींना विक्रेत्याने हे सांगितलेच नाही. छपरावर प्लेटा चमकताहेत आणि घरात मेणबत्ती, अशी त्यांची स्थिती झाली. तेव्हा बिल कमी करायचे आहे की अंधारात दिवा हवा आहे, हे आधी मनाशी ठरवा आणि "वीज गेल्यावर हे चालेल का?" हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या.

कुणी म्हणेल, हे शिकलेल्यांचे काम, आपल्याला कसे जमणार? त्यांना मी तिलोनियाचे नाव सांगते. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात हे गाव आहे. तेथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांतल्या बायका, त्यांत पुष्कळ आज्या, येऊन सौर दिवे जोडायला शिकल्या. कित्येकींना अक्षरओळख नाही आणि शिकवणारीची भाषा कळत नाही. तारांच्या रंगांवरून आणि हाताच्या खुणांवरून सहा महिन्यांत शिकून त्या आपापल्या गावी परतल्या, आणि तेथली घरे त्यांनी उजळली. त्या मानाने आपण तर सातवी शिकलेल्या!

देखभालीला मला आठवड्याला अर्धा तास लागतो. पहाटे, प्लेट थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने ती पुसायची. मीठ आणि पाखरांची घाण बसली तर वीज कमी होते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. महिन्याला बॅटरीची टोके पाहायची, पांढरे साचले असेल तर पुसून वर थोडे व्हॅसलीन लावायचे. कॅलेंडरवर तारीख लिहिली की विसरत नाही.

आता मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. एक, मंडळाच्या खोलीत अशी एक छोटी जोडणी सर्वांनी मिळून करावी. चार शनिवार दुपारी दोन ते चार. प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने तार जोडावी आणि सोडावी. खोलीत दोन दिवे आणि मोबाइल भरायची सोय राहिली, तर पुढल्या वादळात सगळ्या वाडीला एक ठिकाण होईल. आजारी माणसाचा निरोप तरी बाहेर जाईल. दुसरी, यंदाच्या भिशीचा पहिला हप्ता ज्यांच्या घरी दमेकरी, बाळंतीण किंवा एकटी म्हातारी आहे त्यांना चिठ्ठी न टाकता द्यावा. ज्यांना वारा आणि उजेड आधी हवा, त्यांची बेगमी आधी व्हावी.

घरी गेल्यावर आज रात्री एवढेच करा. एक कागद घ्या, वस्तूंची नावे लिहा, पुढे वॅट आणि तास लिहा आणि बेरीज करा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. आपण सगळ्या मिळून तो तपासू.